चौदा तासांची काकडी: मधुमेही पोट आणि चिनी काढा

सकाळी नऊच्या सुमाराला आयींना उलटी झाली. नर्सने ट्रे माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "नीट बघ." आंबूस वासाच्या पाण्यात काकडीच्या चकत्या तरंगत होत्या, सालीच्या हिरव्या कडेसकट. काकडी आदल्या संध्याकाळी सातला खाल्लेली. चौदा तास ती पोटात नुसती बसून होती.

"आयी" हा चिनी शब्द. मावशी-काकूच्या वयाच्या कुठल्याही बाईला तिकडे तशी हाक मारतात. मराठी कानाला तो "आई" असाच ऐकू येतो, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने वॉर्डात कुणी तो उच्चारला की मी उगाच वळून बघायचो. मी तेव्हा चीनमधल्या तिआनजिनमध्ये एमबीबीएसची इंटर्नशिप करत होतो आणि पारंपरिक चिनी वैद्यकाच्या विभागात माझी ड्यूटी लागली होती. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, आकडे आणि घरची माणसं यांत फेरफार केले आहेत. आजाराचा आणि उपचारांचा क्रम तसाच ठेवलाय.

आयी ६१ वर्षांच्या, सूतगिरणीतून निवृत्त झालेल्या. टाइप २ मधुमेह १६ वर्षांचा. दोन वेळा मिक्स इन्सुलिन, ३०-७० चं, सकाळी १६ आणि संध्याकाळी १२ युनिट. सात महिन्यांपासून चार घास खाल्ले की पोट गच्च भरायचं, दिवसभर मळमळायचं आणि आठवड्यातून चार-पाचदा उलटी व्हायची. वजन ५४ किलोवरून ४७ वर आलेलं. पायांना मुंग्या होत्याच, आता तळव्यांना स्पर्शही नीट कळत नव्हता. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज, ९.१. पोटॅशियम ३.२, कमी.

पण खरी कोड्यात टाकणारी होती शुगरची वही. चीनमध्ये शुगर मिलिमोलमध्ये मोजतात, आपल्या आकड्यात आणायची तर १८ ने गुणायचं. महिनाभर मी मनातल्या मनात हाच पाढा म्हणत होतो. जेवणानंतर दीड तासाने आयींची शुगर ३.१, म्हणजे आपली ५६. घाम, थरथर, साखरेचं पाणी. आणि त्याच दिवशी मध्यरात्री १५.८, म्हणजे २८४. जेवल्यावर उतरते आणि उपाशीपोटी चढते, असा उलटा कारभार. आधीच्या डॉक्टरांनी वही चाळून "पथ्य पाळत नाहीत" असा शेरा मारला होता. तो शेरा आयींना फार लागला होता, कारण पथ्य त्या अगदी काटेकोर पाळत होत्या. त्यांचं पथ्यच त्यांना बाधत होतं, हे पुढे कळलं.

एन्डोस्कोपी आमच्याकडे येण्याआधीच झालेली होती. बारा तास उपाशी ठेवूनही जठरात अन्नाचा थर सापडला. अडथळा नाही, अल्सर नाही, गाठ नाही. मग किरणोत्सारी टेक्नेशियम मिसळलेलं अंडं खायला देऊन जठर किती वेळात रिकामं होतं ते मोजलं. चार तासांनी जठरात १० टक्क्यांपेक्षा जास्त अन्न उरलं तर ते बिघाडाचं लक्षण. आयींच्या पोटात ३१ टक्के उरलं होतं. निदान: मधुमेहामुळे आलेला गॅस्ट्रोपॅरेसिस, म्हणजे जठराची मंदावलेली हालचाल.

हे का होतं, ते थोडक्यात. जठर घुसळतं आणि ढकलतं ते व्हेगस या नसेच्या हुकमावर, आणि त्या हालचालीचा ठेका धरतात जठराच्या भिंतीतल्या काहाल नावाच्या पेशी. वर्षानुवर्षं शुगर चढलेली राहिली की नस झिजते आणि या पेशी कमी होतात. शिवाय त्या क्षणी शुगर जास्त असली तर तेवढ्यानेही जठर संथ होतं. आता इन्सुलिन टोचून जेवायला बसलं की इन्सुलिन आपल्या वेळेवर कामाला लागतं, पण अन्न आतड्यात पोचलेलंच नसतं. म्हणून जेवूनही शुगर कोसळते. मग मध्यरात्री कधीतरी अन्न खाली उतरतं, तोवर इन्सुलिनचा जोर ओसरलेला असतो. आयींच्या वहीतलं कोडं असं सुटतं. निदान अर्धं तरी.

उरलेलं अर्धं आमच्या विभागप्रमुखांनी सोडवलं. त्यांना सगळे "लाओशी" म्हणायचे, म्हणजे सर. सत्तरीला आलेले, बोलणं कमी. त्यांनी आयींची जीभ पाहिली: फिकट, कडांना दातांचे ठसे, वर पिवळसर चिकट थर. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून चांगली पाच मिनिटं नाडी पाहिली. मला वाटलं, आता काढा लिहितील. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. काय खाता? कशाबरोबर? किती वाजता? कोण शिजवतं? आणखी काय काय पोटात जातं?

पाऊण तास लागला. मधुमेहाला चांगलं म्हणून आयी ज्वारी-मक्यासारखी जाडीभरडी धान्यं, कच्ची काकडी आणि दोऱ्यादोऱ्यांची सेलरी खात होत्या. पातळ लापशी बंद, कारण तिने शुगर झपाट्याने चढते असं तिकडच्या प्रत्येक मधुमेह्याला बजावलेलं असतं. सल्ला खोटा नाही. पण जे जठर घुसळतच नाही, त्याला चोथा म्हणजे शिक्षा. वर "पचनाला बरं" म्हणून त्या वाळवलेल्या शान-झा फळाच्या चकत्या मूठ-मूठ चघळत. शान-झा चिनी वैद्यकात पाचक मानतात हे खरं, पण मंद जठरात अशा तुरट फळांचा चोथा गोळा होऊन दगडासारखा घट्ट बसू शकतो. उत्तर चीनमधल्या डॉक्टरांना शान-झा आणि पर्सिमॉन या दोन फळांचे असे गोळे चांगलेच परिचित आहेत. आयींच्या पोटात तो झाला नव्हता, हे नशीब.

शेवटी लाओशींनी पिशवी उपडी करायला सांगितली. बाकीच्या गोळ्यांबरोबर एक बाटली निघाली, बारीक काळ्या गोळ्यांची. नाव शिआओ-के वान. शिआओ-के म्हणजे झिजवणारी तहान, मधुमेहाचं जुनं चिनी नाव. "ही काय, झाडपाल्याची आहे," आयी म्हणाल्या. "बहिणीने दिली. दहा सकाळी, दहा संध्याकाळी."

लाओशींनी बाटली माझ्या हातात दिली आणि लेबल मोठ्याने वाचायला लावलं. माझं चिनी वाचन अडखळतं, त्यामुळे सगळ्यांना ते सावकाश ऐकावं लागलं. कुडझू नावाच्या वेलाचं मूळ, रेहमानिया, ॲस्ट्रॅगॅलस, मक्याच्या कणसाचे केस... आणि ग्लिबेनक्लामाइड. यात लपवाछपवी काही नाही. हे मिश्रण चीनच्या अधिकृत औषधसंहितेतलं आहे, दर गोळीत ०.२५ मिलिग्रॅम ग्लिबेनक्लामाइड असल्याचं छापलेलं असतं. वीस गोळ्यांचे झाले ५ मिलिग्रॅम. म्हणजे इन्सुलिनच्या जोडीला आयी रोज शुगर पाडणारी भारी ॲलोपॅथिक गोळी घेत होत्या आणि ती घेतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, "दुसरी कुठली औषधं?" त्यांनी प्रामाणिकपणे "नाही" म्हटलं होतं. जडीबुटी कुठे औषधात मोजतात!

त्याच दुपारी गोळ्या बंद झाल्या. मधुमेह विभागाशी बोलून मिक्स इन्सुलिनही थांबवलं. दिवसातून एकदा लांब पल्ल्याचं, आणि झटपट काम करणारं जेवणाआधी न देता जेवणानंतर, पोटात काय टिकलं आणि शुगर किती आहे ते बघून. पोटॅशियम भरून काढलं, कारण ते कमी असेल तर आतड्याजठराचे स्नायू आणखी सुस्तावतात. उलट्या होतात म्हणून पोटॅशियम उतरतं, ते उतरतं म्हणून पोट हलत नाही, हलत नाही म्हणून उलट्या.

मेटोक्लोप्रामाइडची इंजेक्शनं आधी देऊन झाली होती. हे औषध जठर हलवतं, पण दीर्घकाळ घेतलं तर तोंडाच्या, जिभेच्या अनैच्छिक हालचाली मागे लागू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २००९ साली त्यावर ठळक इशारा छापायला लावला आणि १२ आठवड्यांची मर्यादा घातली. कंपवातासारखा हात थरथरायला लागल्यावर आयींनी ते स्वतःच नाकारलं होतं. म्हणूनच त्या आमच्या विभागात आल्या.

आता काढा. पोटाच्या वरच्या भागात गच्चपणा आहे, पण दुखत नाही, या अवस्थेला चिनी वैद्यकात "फी" म्हणतात. तिसऱ्या शतकाच्या आरंभीच्या झांग झोंगजिंग यांच्या शांग-हान-लुन ग्रंथात नेमका हा भेद आहे: गच्च वाटतं आणि दुखतं ते वेगळं, नुसतं गच्च वाटतं ती फी, आणि तिला बान-शिआ शिए-शिन थांग हा काढा. शिए-शिनचा शब्दशः अर्थ हृदय मोकळं करणं. पण इथे रोख हृदयाखालच्या भागावर, म्हणजे जठरावर आहे.

घटक सात. बान-शिआ हा सुरणा-अळूच्या कुळातला बारका कंद. कच्चा खाल्ला तर घसा सोलून निघतो, म्हणून आल्यात किंवा तुरटीत मुरवूनच वापरतात. मग सुंठ, ह्वांग-चिन आणि ह्वांग-लिएन ही दोन कडू मुळं, जिनसेंग, सुकवलेली चिनी बोरं आणि मधात परतलेलं ज्येष्ठमध. ह्वांग-लिएन इतकं कडू की "मुक्याने ह्वांग-लिएन खाल्लं" अशी म्हणच आहे चिनीत: कडवटपणा आहे, सांगता येत नाही. कडू मुळं उष्णता खाली उतरवतात, सुंठ गारठलेल्या पचनाला ऊब देते, बाकीचं बळ देतं, अशी त्यांची मांडणी. अग्निमांद्य ऐकत वाढलेल्या माणसाला ही भाषा परकी वाटत नाही, आणि मला वाटतं तिथेच धोका असतो. ओळखीचं वाटलं की आपण तपासायचं सोडतो.

लाओशी तपासत होते. ह्वांग-लिएनमध्ये बर्बेरीन असतं आणि बर्बेरीन शुगर उतरवतं. त्यामुळे काढा सुरू होताच शुगर दिवसातून सात वेळा बघायची, असं त्यांनी केसपेपरवर लिहिलं. ज्येष्ठमध ९ ग्रॅमऐवजी ३ ग्रॅम केलं, कारण ते पोटॅशियम आणखी खेचतं आणि रक्तदाब चढवतं. "जुन्या वैद्यांना पोटॅशियम माहीत नव्हतं," ते म्हणाले, "आपल्याला माहीत आहे. मग माहीत नसल्याचं सोंग कशाला?" जिनसेंगच्या जागी स्वस्त दांग-शेन घातलं.

आणि तरीही पहिल्या दिवशी काढा उलटला.

कारण हास्यास्पद होतं. रुग्णालयाच्या काढाघरातून काढा प्लॅस्टिकच्या सीलबंद पुड्यांत येतो, एका पुडीत २०० मिली, सकाळ-संध्याकाळ एक-एक. मी पुडी गरम पाण्यात धरून कोमट केली, पेल्यात ओतली आणि आयींनी नाक दाबून घटाघटा संपवली. ज्या जठरातून चार तासांत अंडं उतरत नाही त्यात आम्ही वाटीभर कडू पाणी ओतलं होतं. वीस मिनिटांत ते बाहेर. मी टिपणात लिहिलं, "काढा सोसला नाही." लाओशींनी ती ओळ खोडली आणि लिहिलं, "काढा चुकीचा दिला."

मग मला त्यांनी ग्रंथातली ती ओळ वाचायला लावली जी बहुतेक जण गाळतात. औषधं पाण्यात उकळा, चोथा गाळून टाका, आणि गाळलेलं पाणी पुन्हा आटवा. एक दोऊ, म्हणजे दहा शेंग, पाणी सहा शेंगवर आणायचं, गाळायचं, मग तीन शेंगवर. त्या काळचा शेंग आजच्या साधारण २०० मिलीचा, दिवसाचे तीन डोस. म्हणजे हिशेबाने मूळचा डोसही २०० मिलीच होता; पुडी काही ग्रंथबाह्य नव्हती. पण दुसऱ्यांदा आटवायची मुभा तिथे आहे, तर या रुग्णासाठी आणखी आटवायला काय हरकत, असं त्यांचं म्हणणं. दिवसभराचा काढा १०० मिलीवर आणला. मी वॉर्डच्या पँट्रीत शेगडीपाशी उभा राहून आटवायचो, काकवीसारखा होईपर्यंत. आधी जिभेवर आल्याच्या रसाचे दोन थेंब, मग चमचा-चमचा, पंधरा-पंधरा मिनिटांनी. आल्याचे थेंब ही उलटीच्या रुग्णासाठी जुनी युक्ती आहे. दुसऱ्या दिवशी काढा टिकला.

जेवणाचंही तसंच केलं. दिवसातून सहा वेळा, वाटीपेक्षा कमी, मऊ आणि बिनतेलाचं: राळ्याची पातळ लापशी, वाफवलेलं अंडं, बारीक चिरलेल्या मासळीचं सूप. चोथा बंद, शान-झा बंद. लापशी बघून आयी घाबरल्या. "दाइफू, याने शुगर चढेल ना?" दाइफू म्हणजे डॉक्टरसाहेब. चढेल, आणि आपण जेवणानंतर इन्सुलिन देऊ, हे पटवायला दोन दिवस लागले.

ॲक्युपंक्चरच्या सुया आठवड्यातून तीनदा, तीन बिंदूंवर. मनगटाच्या घडीपासून वर, दोन कंडरांच्या (स्नायूंच्या दोऱ्यांच्या) मधे नेइ-ग्वान. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला त्सू-सान-ली. बेंबी आणि छातीच्या हाडाच्या मधोमध झोंग-वान. त्सू-सान-लीला ऊद, म्हणजे पेटवलेल्या दवण्याच्या जातीच्या पाल्याची धग, देतानाची एक गोष्ट मी विसरलेलो नाही. लाओशी आपली दोन बोटं आयींच्या पायावर, त्या बिंदूच्या दोन बाजूंना टेकवून ठेवत. आयींच्या कातडीला चटका कळणार नाही, म्हणून तो आपल्या बोटांना कळावा. बोटं तापली की हात वर.

सहा आठवड्यांचा हिशेब असा. उलटी आठवड्यातून चार-पाचदा होत होती, ती पंधरवड्यातून एकदा. शुगर ७० च्या खाली एकदाही नाही. वजन ४९. पोटॅशियम ४.०. काढा सहाव्या आठवड्यात थांबवला, सुया सुरू ठेवल्या. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.८, आणि अंड्याची चाचणी पुन्हा केली: चार तासांनी २२ टक्के. म्हणजे आयींना बरंच बरं वाटत होतं, पण जठर अजून आजारीच होतं. या आजारात लक्षणं आणि जठराची गती हातात हात घालून चालत नाहीत, हे नेहमीच दिसतं.

मग गुण कशाचा? विभागातल्या एका ज्युनियरने हे प्रकरण काढ्याचं यश म्हणून मांडलं तेव्हा मला राहवलं नाही. शुगर कोसळायची थांबली ती काळ्या गोळ्या आणि जेवणाआधीचं इन्सुलिन थांबल्यामुळे. चोथा बंद केल्याने उलट्या निम्म्या तरी झाल्या असाव्यात. शुगर आटोक्यात आल्याने जठर थोडं सुटलं असेल. काढ्याचा वाटा यातून वेगळा काढताच येत नाही. मळमळ मात्र सुयांच्या दिवशी कमी असायची, हे आयी न विचारता सांगत. तेही सुयांमुळे की अर्धा तास शांत पडून राहिल्यामुळे, कोण सांगणार? गॅस्ट्रोपॅरेसिसवरच्या ॲक्युपंक्चरच्या ३२ चाचण्या एकत्र तपासणारा, वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेचा २०१८ चा आढावा पुराव्याचा दर्जा अतिशय कमी ठरवतो. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत मधुमेही रुग्णांच्या लक्षणांसाठी ॲक्युपंक्चरला जपून "उपयोग होऊ शकेल" म्हटलंय, पण रिक्कुन्शितोसारखे वनौषधी काढे सुचवू नयेत असंही आहे. रिक्कुन्शितो हा चिनी परंपरेतूनच जपानात गेलेला काढा. माझं मत त्या मार्गदर्शिकेच्या जवळचं आहे. लाओशींचं नव्हतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

माझ्या मते त्या खोलीत सर्वांत मोठं काम केलं ते पाऊण तासाच्या प्रश्नांनी. ते विचारायला चिनी वैद्यच लागतो असं नाही. पण आधीच्या चार ओपीड्यांमध्ये ते कुणी विचारले नव्हते, हेही खरंच.

एक गोष्ट हातची गेली. चौथ्या महिन्यात, बरं वाटतंय म्हणून, मुलीने घरी ऊद द्यायला सुरुवात केली. बोटं टेकवायची गोष्ट तिला कुणी शिकवली नव्हती. म्हणजे मी शिकवली नव्हती, डिस्चार्जचा कागद मीच लिहिला होता. नडगीवर रुपयाएवढा फोड आला. आयींना कळलाही नाही, पायमोजा चिकटला तेव्हा दिसला. भरायला पाच आठवडे लागले. त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक कागदावर "घरी ऊद देऊ नये" ही ओळ सर्वांत वर असायची.

मी त्यांना शेवटचं पाहिलं चिनी नववर्षानंतर. तिकडे भेटल्यावर "कसे आहात"च्या जागी "ची-ला-मा?" विचारायची जुनी रीत आहे, म्हणजे "जेवलात का?" सात महिने तो प्रश्न आयींना टोचत आला होता. त्या दिवशी त्यांनी तो उलट मलाच विचारला आणि मग जरा चाचरत कबुली दिली: सणाच्या रात्री दोनदा उलटी झाली, शुगर १६ ला, म्हणजे आपल्या २८८ ला गेली. काय खाल्लं होतं? जिआओझी, आपल्या मोमोसारख्या. डुकराच्या मांसाच्या, नेहमीसारख्या. किती? आयींनी मुलीकडे पाहिलं, मुलीने छताकडे.

"अकरा."

लाओशींनी कागदावर "अकरा" लिहिलं, त्याखाली रेघ मारली आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला पाच. आणि आधी सूप पिऊ नका."